अठ्ठ्याण्णववर थांबलेलं मिटर

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी सर्जेरावांचा फोन आला. मी "हॅलो" म्हणायच्या आतच तिकडून तोफखाना सुरू झाला.

"मानसिंग, तुझ्या पोरीनं माझ्या जीपचा मुडदा पाडला! इंजिन जाम झालंय. निरवांगीच्या अलीकडं भर रस्त्यात उभी हाय. ये आन् डोळ्यानं बघ तिचा पराक्रम!"

मी तापट माणूस. चाळीस वर्षं बारामतीत गाड्यांची वायरिंग करतोय आणि चाळीस वर्षं भांडतोय. पण सर्जेरावांपुढं माझी जीभ आवरली, कारण प्रश्न माझ्या दुकानाचा नव्हता, माझ्या लेकीचा होता.

लेक म्हणजे उत्कर्षा. वय सव्वीस, आयटीआय झालेली, आणि वायरिंगमध्ये माझ्या दोन पावलं पुढं. बाप म्हणून सांगत नाही, मिस्तरी म्हणून सांगतो. जुन्या गाड्यांच्या काट्याच्या मिटरवर भरवसा नसतो. त्या जागी ती डिजिटल मिटर बसवून देते. इंजिनाच्या पाण्याचं तापमान त्यात लाल आकड्यात दिसतं आणि ते एकशेपाचच्या वर गेलं की मिटर बोंब मारतं. पण बाईमाणसाला बॉनेट कोण उघडू देतंय? दोन वर्षं ती नुसती हेडलाइट बदलत बसली. मग सणसरच्या सर्जेरावांनी आपल्या जीपला मिटर बसवून घेतलं आणि त्यांच्या शब्दावर तिथल्या आणखी दहा गाड्या आल्या. अकरा गाड्यांवर पोरीचं नाव उभं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा जीपचं बॉनेट वर होतं. जाळीवर झेंडूचा हार सुकत होता, बॉनेटवर हळदीकुंकवाची पाच बोटं उठलेली. परवाच्या खंडेनवमीची पूजा ती. शेजारी सर्जेरावांचा मुलगा रणजित मान खाली घालून उभा, आणि सर्जेराव स्वतः पाना घेऊन बॅटरीवर वाकलेले.

"आदी हे मिटर उपटतो," ते म्हणाले. "रविवारी सकाळी अकराच्या अकरा गाड्या माझ्या अंगणात बोलावल्यात. समद्यांची मिटरं उतरव आन् घेऊन जा. परत सणसरात दिसायचं न्हाय."

त्यांनी पाना बॅटरीच्या वायरला लावला आणि उत्कर्षा किंचाळली.

"आबा, बॅटरीला हात लावू नका! तिथंच पुरावा आहे!"

२

सर्जेरावांचा हात थबकला. त्यांच्यावर कुणी असं ओरडलं असेल तर ती फक्त त्यांची आई.

"मिटरची एक वायर थेट बॅटरीवर असते," उत्कर्षा दम घेत म्हणाली. "किल्ली बंद केली तरी मिटर आकडे विसरत नाही. जास्तीत जास्त किती तापलं ते त्यात राहतं. बॅटरी काढली की सगळं पुसलं जाईल."

"मग दाव की! होऊन जाऊ दे."

तिनं किल्ली फिरवली. मिटरचं बटण दाबून धरलं. आम्ही चौघं त्या वाटोळ्या काचेवर वाकलो आणि लाल आकडा उमटला: अठ्ठ्याण्णव.

सर्जेराव हसले.

"अठ्ठ्याण्णव! इंजिन जळून जाम झालं आन् तुझं मिटर म्हणतंय अठ्ठ्याण्णव. बोंब मारायची एकशेपाचला. म्हंजे यानं शेवटपतुर खोटंच सांगितलं. तूच पुरावा दिलास, पोरी."

मिस्तरी म्हणून मलाही तेच वाटत होतं. मी लेकीकडं पाहिलं. ती त्या आकड्याकडं बघत होती, आणि चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. ती विचारात पडली होती.

"आबा, मला रविवारपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली. "मिटर खोटं निघालं तर मीच उतरवीन. अकराही. आणि परत पाना हातात धरणार नाही."

"अगं ए!" मी ओरडलो. पण शब्द गेला तो गेला.

३

जीप ट्रॅक्टरनं ओढून सणसरला सर्जेरावांच्या अंगणात आणली. तिथं उत्कर्षानं रणजितला बाजूला घेतलं. माझा पहिला संशय त्याच्यावरच होता. पंचविशीतलं पोरगं, बहिणीच्या सासरी सोनं द्यायला निघालेलं. मोठ्यानं गाणी लावून गाडी दामटली असणार.

"गाणी न्हाय लावली, काका," रणजित म्हणाला. "आजोबांची जीप हाय ती. ताई, तुमच्या गळ्याशपथ, माझं समदं ध्यान मिटरवर होतं. नवीन हाय ना, बघायला मजा वाटती. नव्वद, पंच्याण्णव, मग अठ्ठ्याण्णव झालं."

"आणि मग?"

"मग लई वेळ अठ्ठ्याण्णवच. हलेचना. म्हटलं एकशेपाचला अजून टाईम हाय. मग खाली यायला लागलं. नव्वद, चौऱ्याऐंशी. म्हटलं गाडी गार झाली, आणि वाईच जोरात हाणली. पाच मिनिटांत खाडकन बंद!"

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी उसळलो. "जळत्या इंजिनाचं तापमान खाली येतंय व्हय रे?"

"अण्णा," उत्कर्षा शांतपणे म्हणाली, "तो खरं बोलतोय. खोटं बोलणारा असं वेड्यासारखं कशाला सांगेल? त्यानं 'मी मिटर बघितलंच नाही' म्हटलं असतं."

मला ते पटलं, पण कबूल केलं नाही. तिनं रेडिएटरखाली परात ठेवली आणि तळाचा खटका सोडला. जिथं आठ लिटर पाणी निघायला हवं तिथं जेमतेम तांब्याभर निघालं. पाइप धड होते, रेडिएटर कुठं फुटला नव्हता, तरी पाणी गायब. आणि जे निघालं त्याच्या कडेला पिवळी रेघ धरली होती. मी बोट बुडवून नाकाला लावलं.

हळद!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रेडिएटरात हळद टाकणारा माणूस या पंचक्रोशीत एकच होता.

४

भिमाचं गॅरेज कन्हेरीत. तो माझा जुना दुष्मन. रेडिएटरला बारीक गळती असली की त्यात चमचाभर हळद टाकायची, ती भोकात जाऊन बसते आणि गळती महिनाभर थांबते, ही त्याची विद्या. नवमीच्या आधी जीपची सर्व्हिसिंग त्यानंच केली होती. उत्कर्षानं मिटर बसवल्यापासून त्याच्याकडची गिऱ्हाइकं आमच्याकडं वळत होती. आणखी काय पाहिजे?

शनिवारी सकाळी मी त्याच्या दारात उभा राहून बोललो. बोललो कसला, अख्ख्या कन्हेरीला ऐकवलं. गळका रेडिएटर हळदीनं झाकलास, पाणी वाटेत सांडलं, आणि नाव माझ्या पोरीचं गेलं!

भिमानं कपड्याला हात पुसले. "मानसिंग, उचलली जीभ लावली टाळ्याला. हळद मी टाकतो, गरिबाच्या टेम्पोला टाकतो. आबांच्या जीपला टाकीन व्हय? हे बघ." त्यानं कूलंटचा रिकामा डबा पुढं केला. "पाणी भरून, त्यात रंगापुरतं हिरवं कूलंट. आबा सोता उभं होतं. गळती असती तर तवाच दिसली असती."

"खोटारडा!"

"अण्णा, गाडीत बसा," उत्कर्षा म्हणाली. भिमाला तिनं हात जोडले. "काका, माफ करा. एक विचारते. सर्व्हिसिंगनंतर रेडिएटरचं झाकण कुणी लावलं?"

"म्या. दाबून, फिरवून. का गं?"

ती गाडीकडं वळली. मी गाडीत येऊन बसलो तो धुसफुसतच. मग तिनं पर्समधून प्लास्टिकची बारकी पिशवी काढली.

"काल हे मला झाकणाच्या आतल्या बाजूला सापडलं. रबरी वायसरला चिकटलेलं. तुम्ही हळदीच्या नादात होतात."

पिशवीत काहीतरी पांढरं, मऊ, चपटं होतं. मला आधी अळी वाटली. चष्मा लावला आणि नीट पाहिलं.

भाताचं शीत! शिजलेलं.

"रेडिएटरात भात?" माझा आवाज चिरकला.

"तांदूळ गेला होता, अण्णा. आत शिजून भात झाला. मिस्तरी हळद टाकतो ती चमचाभर, आणि तो तांदूळ टाकत नाही. चिमूटभर हळद आणि तांदूळ, दोन्ही एका ताटात कुठं असतात?"

मला उत्तर आलं, आणि ते यायला नको होतं असं लगेच वाटलं.

५

सर्जेरावांच्या आई, प्रयागबाई. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी आम्हाला दारातच अडवलं आणि चहा झाल्याशिवाय एक शब्द बोलू दिला नाही. मुलाचा राग मुलापाशी, पाहुणचार आपल्यापाशी, असा त्या बाईचा कायदा.

"आजी," उत्कर्षानं कपबशी खाली ठेवली, "नवमीला जीपची पूजा तुम्ही केलीत?"

"मंग कोन करनार? नांगर, विळा, मोटर, टॅक्टर, समद्यांची म्याच करती." म्हातारी फुलली. "चाकावर पानी, पाच बोटं, हार. आन् तिच्या तोंडात फुलपात्रभर पानी."

"तोंडात?"

"बैलाला पुरनाचा घास देतो का न्हाय? तिला पानी लागतं. ताटातलं फुलपात्र घ्यायचं, हळद, अक्षता वाह्याच्या आन् वतायचं. ह्यांनी जीप आनली त्या सालापास्नं. झाकन ह्येच काडायचं, मी वतायची, ह्येच धोतराच्या सोग्यानं कड पुसून परत लावायचं. पुसल्याबिगर लावायचं न्हाय कदी. त्यास्नी जाऊन दीड वरीस झालं. गेल्या साली सन न्हाय केला. औंदा पयल्यांदा म्या येकलीनं काडलं झाकन. हाताला यील का न्हाय वाटलं व्हतं. पन जमलं की!"

केवढा अभिमान होता त्या "जमलं की" मध्ये! उत्कर्षानं मान हलवली आणि आजींच्या पाया पडून ती उठली.

गाडी बारामतीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी धीर धरला. मग सुटलो. "सापडलं! उद्या सगळ्यांसमोर सांगून टाक. शीत दाखव. सर्जेरावाचं तोंड बघायचंय मला!"

"मिटर खरं आहे ते मी दाखवीन. शीत दाखवणार नाही."

"काय?"

"अण्णा, नवरा गेल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पूजा केली त्यांनी. अंगणभर माणसांत सांगू, की आजी, तुमच्या पूजेनं तुमच्या नवऱ्याची जीप गेली?"

"आणि तुझं नाव? दोन वर्षं धूळ खात बसलीस ती कशासाठी? झाकणाचं कारण सांगितलं नाहीस तर तुझं निम्मं बोलणं ऐकून घेईल का कुणी?"

"बघू," ती म्हणाली. मला इतका संताप आला की घरापर्यंत तिच्याशी बोललो नाही. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी मला ती इतकी मोठी वाटली, की तेही सांगता येईना.

६

रविवारी सर्जेरावांच्या अंगणात दहा गाड्या उभ्या होत्या आणि अकरावी मेलेली जीप. मालक मिटर उतरवून घ्यायला आलेले. भिमाही आला होता, कोपऱ्यात हाताची घडी घालून. प्रयागबाई ओसरीवर बसलेल्या.

उत्कर्षानं चूल मागितली. हसायला लागली माणसं. तिनं पातेल्यात पाणी चढवलं. जीपमधलं मिटर आणि त्याचा सेन्सर काढून आणला, ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडला आणि सेन्सर पाण्यात सोडला.

"आकडा वाचा रे कुणीतरी मोठ्यानं."

रणजित वाचू लागला. साठ. ऐंशी. पंच्याण्णव. पाणी खदखदायला लागलं. "अठ्ठ्याण्णव!"

"जाळ वाढवा."

लाकडं सारली. ज्वाळा पातेल्याच्या कडेपर्यंत आल्या. "अठ्ठ्याण्णव. अजून अठ्ठ्याण्णवच. ताई, हलंना!"

"हलणार नाही. आपण समुद्रापासून उंचावर राहतो, आपल्याकडं उघडं पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं. उकळलं की वाफ होऊन जातं, जास्त तापत नाही. रेडिएटर बंद असतो, वाफ कोंडते, म्हणून त्यातलं पाणी एकशेपाच, एकशेदहालाही जाऊ शकतं. जीपचं मिटर अठ्ठ्याण्णववर थांबलं, म्हणजे रेडिएटर बंद नव्हता. वाफ झाकणातून निघून जात होती. मिटर खरंच बोललं."

"मग खाली का आलं?" सर्जेरावांनी विचारलं. आवाज पूर्वीइतका चढा नव्हता.

तिनं सेन्सर पाण्याबाहेर काढून वीतभर बाजूला धरला. खाली चूल धडधडत होती. "नव्वद," रणजित वाचत गेला. "चौऱ्याऐंशी... सत्तर!"

"पाणी संपलं. सेन्सर वरच्या पाइपात कोरडा पडला. इंजिन जळत होतं आणि मिटरला हात लावायला पाणीच उरलं नव्हतं. यात चूक माझीही आहे. सेन्सर इंजिनाच्या हेडवर, लोखंडात बसवायला हवा होता. तिथं बंद केलेली आट्यांची जागा असते, एक बोल्ट काढायचा. वडलांच्या इंजिनाचा बोल्ट काढू नको, असं आबा म्हणाले आणि मी ऐकलं. मी ऐकायला नको होतं."

तेवढ्यात भिमा पुढं आला.

"पोरी, समदं पटलं. पर झाकण म्या दाबून लावलं होतं. मग वाफ का धरली न्हाय?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. हाच तो प्रश्न. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. उत्कर्षा चुलीकडं बघत उभी राहिली.

"ते मी सांगू शकत नाही," ती म्हणाली.

"म्हंजे म्हाईत न्हाय!" सर्जेरावांचा आवाज परत चढला. "अर्ध्या गोष्टीवर मी माझी मानसं गाडीत बसवू? उतरवा रे मिटरं!"

दोघातिघांनी स्क्रू-ड्रायव्हर काढले.

"थांब, सर्जा." ओसरीवरून आवाज आला. प्रयागबाई काठी टेकत उतरत होत्या. "पोरी, तुजं ते झाकन म्हंजे कुकरावानीच की. रबराची रिंग, आन् वाफ कोंडती."

"हो, आजी."

"कुकरच्या रिंगला शीत अडकलं की शिट्टी व्हत न्हाय. नुसती फुसफुस. पानी आटतंय आन् डाळ करपती." त्यांची नजर जीपच्या बॉनेटवरच्या पाच बोटांवर गेली. "काल तू मला इचारलंस. पूजा कशी केली म्हनून. तवाच तुला कळलं व्हतं."

उत्कर्षानं मान खाली घातली.

"सर्जा, अक्षता माझ्या ताटातल्या. झाकन म्या काडलं, म्या लावलं, कड पुसायची इसरले. तुजे वडील पुसायचे." त्या अंगणातल्या माणसांकडं वळल्या. "आन् ही पोर माजं नाव घेईना, म्हनून तुमी तिचं नाव घालवाय निघालाय! लाज वाटू द्या वाईच!"

सर्जेराव, ज्यांच्यापुढं बोलायला लोक विचार करतात, ते आईपुढं लहान पोरासारखे उभे होते. मग ते उत्कर्षाकडं वळले.

"व्हय गं ताई? आईसाठी गप बसलीस? अकरा गाड्या जात होत्या तरी?"

पोरीची ताई झाली होती. मला रडू फुटलं, आणि ते लपवायला मी भिमाकडं गेलो आणि म्हणालो, "चुकलं माझं. कन्हेरीत येऊन सगळ्यांसमोर म्हणीन." तो म्हणाला, "हितंच म्हणलास, बास झालं."

सर्जेराव अंगणाच्या मधोमध आले. "एकबी मिटर निघणार न्हाय. सेन्सर कुठं बसवायचे ते ताई सांगंल. माझ्या इंजिनाचं काम झालं की त्याच्या हेडचा बोल्ट पैला काढायचा, वडलांचा असला तरी. आन् हिनं 'न्हाय' म्हटल्यावर आपलं चालवायचं न्हाय. ध्यानात ठेवा."

तासाभरानं इंजिनं गार झाली. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आलेली तीच माणसं आपापली बॉनेटं उघडून तिची वाट बघत उभी राहिली. उत्कर्षानं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि पहिल्या पिकअपमध्ये डोकं घातलं.

"अण्णा," आतून तिनं हात मागं केला, "चौदाचा पाना."

चाळीस वर्षं पाना मी मागत आलो. कुणाला काढून दिला नव्हता, माझ्या उस्तादानंतर कुणालाच नाही. दहा माणसं बघत होती. मी पेटीत हात घातला, चौदाचा काढला, सदऱ्याला पुसला आणि माझ्या उस्तादाच्या हातात दिला.